सल्फेटचा थर: अणुकचऱ्याच्या काचेवरचा एक प्रोजेक्ट आणि खानापूरची भट्टी

हे प्रकरण बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातलं आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं. कॉलेजचं आणि माणसांची नावं काढून टाकलीत, बाकी जे घडलं ते जसंच्या तसं. मी यात केमिस्ट्रीच्या बाजूनं मदतीला होतो, मुख्य गाईड मेकॅनिकलच्या एक मॅडम होत्या. लिहायचं कारण एवढंच की अणुकचरा म्हटलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर "ते शास्त्रज्ञ बघतील" म्हणून सोडून देतात, आणि मधली जी खरी मेहनतीची गोष्ट आहे, म्हणजे कुठल्या कचऱ्याला कुठला पदार्थ धरून ठेवेल हे ठरवायचं कसं, ती कुणी सांगत नाही. या चार मुलांनी ती भट्टीजवळ उभं राहून शिकून घेतली.

पार्श्वभूमी

चौघांपैकी एक मुलगी उद्यमबागेतली, वडिलांचं पितळेचं छोटं कास्टिंग युनिट. एक मुलगा खानापूर तालुक्यातला, घरात पिढीजात मातीकाम, आता टेराकोटा आणि ग्लेझच्या वस्तू करतात. उरलेले दोघं निपाणी-चिकोडीकडचे, निपाणीचा मुलगा आणि चिकोडीची मुलगी. विषय खानापूरच्या मुलानं आणला. त्यांचे पै-पाहुणे जोयडा-कारवारकडं, त्यामुळं कैग्याचं नाव लहानपणापासून कानावर. कैगा अणुवीज केंद्र काळी नदीच्या काठी, २२० मेगावॅटचे चार रिअ‍ॅक्टर, पहिले दोन २००० साली सुरू झाले. त्याचा प्रश्न साधा होता: वीज तयार झाल्यावर जे उरतं त्याचं काय करतात?

उत्तर थोडं लांबून सांगावं लागतं. वापरलेलं इंधन आधी कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीत थंड होत पडतं. आपल्या देशात ते पुढं रिप्रोसेसिंगला जातं, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढतात आणि मागं जे आम्लयुक्त पाणी राहतं त्यात जवळपास सगळी किरणोत्सारी घाण असते. सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० आणि इतर बरंच काही. सिझियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं, स्ट्रॉन्शियमचं साधारण २९, म्हणजे तीनशे वर्षांनी हजारावा भाग उरतो, आणि त्याच्याही पलीकडे हजारो वर्षं टिकणारी जड मूलद्रव्यं असतात ती वेगळीच. हे पाणी स्टीलच्या टाकीत कायमचं ठेवता येत नाही. टाकी गंजते, गळते. म्हणून त्याची काच करतात. फ्रान्सनं मार्कूलला १९७८ मध्ये कारखान्याच्या पातळीवर हे सुरू केलं. आपल्याकडं तारापूरला १९८५ मध्ये, ट्रॉम्बेला २००२ मध्ये, आणि कल्पाक्कमलाही असा प्लांट आहे. कैग्याला काच होत नाही, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

काच म्हणजे बोरोसिलिकेट काच. वाळूतली सिलिका, बोरॉन, सोडा, थोडी अ‍ॅल्युमिना. फ्रेंच काचेत साधारण ४५ टक्के सिलिका आणि १४ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं. बोरॉनमुळं ती हजार-अकराशे अंशालाच वितळते आणि तरीही पाण्यापुढं टिकते. चिक्कीत शेंगदाणे अडकलेले असतात तसा कचरा काचेत अडकलेला असतो असं पुष्कळांना वाटतं, ते चूक आहे. सिझियम, स्ट्रॉन्शियमचे अणू काचेच्या जाळीचाच भाग होतात, बॉंडनं धरले जातात. काच फुटली तरी ते बाहेर सांडत नाहीत, पाण्यानं काच हळूहळू खाल्ली तरच सुटतात. म्हणून सगळी परीक्षा पाण्याची असते.

अडचण कुठं होती

साधी बोरोसिलिकेट काच करून तिची पाण्यात चाचणी घेणं हा प्रोजेक्ट झाला असता, पण मॅडमना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्यांनी मुलांना सल्फेट असलेला कचरा घ्यायला लावला. त्यामागं खरं कारण आहे. ट्रॉम्बेच्या जुन्या रिप्रोसेसिंगमध्ये प्लुटोनियम वेगळं काढताना फेरस सल्फामेट नावाचं केमिकल वापरायचे, त्याचं शेवटी सल्फेट होतं आणि ते कचऱ्यात उतरतं. आता साध्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम १ टक्क्याच्या आसपासच विरघळतं. जास्त झालं की ते वितळलेल्या काचेवर वेगळा थर होऊन तरंगतं. तो थर म्हणजे मुख्यतः सोडियम सल्फेट, पाण्यात सहज विरघळणारा. आणि वाईट म्हणजे सिझियम त्या थरात ओढलं जातं. म्हणजे ज्याला तीनशे वर्षं कोंडायचं तेच नेमकं पहिल्या पाण्यात निसटणाऱ्या थरात जाऊन बसतं.

तर प्रश्न असा ठरला: सल्फेट असलेला नकली कचरा घ्यायचा, आणि कॉलेज-फाउंड्री-कुंभारवाडा एवढ्या साधनांत असा पदार्थ करायचा की ज्यात सल्फेट वेगळं पडणार नाही आणि पाण्यात कमीत कमी झिरपेल.

नकली म्हणजे पूर्ण नकली. साधं, निसर्गातलं सिझियम-१३३ किरणोत्सारी नसतं, त्याचं नायट्रेट लॅबला मिळतं, स्ट्रॉन्शियमचंही तसंच. रासायनिक वागणूक तीच. किरणोत्सारी काहीही कॉलेजात आणायचं नाही ही अट पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून सही केली, आणि मला वाटतं पुढं गावात जे झालं त्यात त्या सहीच्या कागदानं बराच आधार दिला.

समोर काय काय पर्याय होते

पहिला पर्याय सिरॅमिकचा. निपाणीच्या मुलाला सिनरॉकचं वेडच लागलेलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे टेड रिंगवुड यांनी १९७८ मध्ये मांडलेली कल्पना: निसर्गात झिर्कोनोलाइट, पेरोव्स्काइट, हॉलंडाइट असे टायटॅनियमवाले खनिज-प्रकार आहेत, त्यातल्या काहींनी युरेनियम-थोरियम कोट्यवधी वर्षं पोटात धरून ठेवलंय, मग आपणच तसा कृत्रिम दगड का करू नये? स्ट्रॉन्शियम पेरोव्स्काइटमध्ये कॅल्शियमच्या जागी बसतं, सिझियम हॉलंडाइटमध्ये. काचेपेक्षा पाण्यापुढं कितीतरी टिकाऊ. पण त्याला गरम असतानाच प्रचंड दाब द्यावा लागतो, आणि भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवावा लागतो. शिवाय कचऱ्यात जरा फरक पडला की खनिजांचं गणित बिघडतं, काच तेवढी नखरेल नसते.

दुसरा, सिमेंट. कमी किरणोत्साराच्या कचऱ्याला जगभर सिमेंट वापरतात, पण सिझियम त्यातून लवकर झिरपतं, आणि जास्त किरणोत्साराच्या कचऱ्याची उष्णता त्याला झेपत नाही. हा पर्याय मुलांनी एका संध्याकाळी बाजूला ठेवला आणि ते बरोबरच होतं.

तिसरा, काच, पण कचरा कमी घालायचा म्हणजे सल्फेट मर्यादेत राहील. कागदावर सोपं. पण मग तेवढ्याच कचऱ्याला दुप्पट काच, दुप्पट डबे, दुप्पट जागा. प्रत्यक्ष प्लांटमध्ये हे परवडत नाही.

चौथा, सल्फेट आधीच वेगळं काढायचं. होतं, पण वेगळं काढलेलं तेही किरणोत्सारीच, मग त्याचं काय करणार.

पाचवा, काचेची कृती बदलायची. हा पर्याय यादीत होता, पण कशानं बदलायची ते कुणाला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यावर आमच्या दोघांत थोडा वादही झाला.

गावात चर्चा उठली ती

कॉलेजची मफल भट्टी जुनी, नऊशेच्या वर नीट जाईना. पहिली काच रवाळ, अर्धी कच्ची निघाली, सिलिका तशीच दिसत होती. म्हणून खानापूरच्या मुलाच्या घरची ग्लेझची इलेक्ट्रिक भट्टी बघायचं ठरलं, ती अकराशे-बाराशेला जाते. तिथं दोन चाकी गाडीवरून डबे-बाटल्या नेताना कुणीतरी प्रोजेक्टचं नाव वाचलं, त्यात "किरणोत्सारी कचरा" हे शब्द होते, आणि दोन दिवसांत गावात बातमी: कैग्याचा कचरा आपल्यात आणून जाळूलालेत.

आता इथं खरा निर्णयाचा क्षण आला. कॉलेजातून सूचना आली की टायटल बदला, "औद्योगिक कचऱ्यासाठी काच" असं काहीतरी करा, विषय मिटेल. मॅडम म्हणाल्या नाव बदललं तर उद्या कुणी विचारलं की लपवलं का, तर उत्तर काय देणार? शेवटी नाव तेच ठेवलं आणि गावातच बैठक घेतली. कन्नड आणि मराठी दोन्हीत साधा फलक लावला: यात किरणोत्सारी काही नाही, कुठलं केमिकल किती आणलंय, त्यातलं विषारी कुठलं, कुलूप कुणाकडं. केमिकलच्या बाटल्या टेबलावर मांडून ठेवल्या.

मुलाच्या चुलत्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मग कैग्याचा कचरा उद्या काच करून हितंच आमच्या डोंगरात पुरणार काय?" मुलीनं स्पष्ट सांगितलं की कैग्याचं वापरलेलं इंधन तिथंच ठेवतात, काच करायचे प्लांट तारापूर, ट्रॉम्बे, कल्पाक्कमला आहेत, आणि काचेचे डबेही हवेनं थंड होणाऱ्या खास तळघरांत देखरेखीखाली ठेवलेले असतात, अजून खोल जमिनीत कुठंच पुरलेले नाहीत. दिलासा म्हणून नाही, जे आहे ते म्हणून सांगितलं. मला ते फार आवडलं.

उद्यमबागेच्या मुलीचे वडील पण आलेले. त्यांचा प्रश्न कारखानदाराचा होता, भंगाराचा. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात कोबाल्ट-६० आलं, एका विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं, त्यात एकाचा जीव गेला. फाउंड्रीवाल्यांना ही गोष्ट आपली वाटते, कारण भंगार त्यांच्याकडं रोज येतं. त्यावर निपाणीच्या मुलानं ब्राझीलच्या गोयानियाची गोष्ट सांगितली. १९८७, बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात फुटलं, आत सिझियम-१३७ होतं क्लोराईडच्या रूपात, म्हणजे पाण्यात विरघळणारी पूड, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी हाताळली, घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं गेली, दोनशेच्या वर लोकांच्या अंगावर-पोटात ते सापडलं. आणि तेच सिझियम काचेत असतं तर? किरण आले असते, जवळच्याला इजा झाली असती, पण पूड उडून गावभर झाली नसती. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं आता कचऱ्यातूनच सिझियम काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्यात, रक्त-पिशव्यांवर किरण सोडायच्या यंत्रात त्या वापरतात, क्लोराईडची पूड नाही. प्रोजेक्टचं कारण गावाला या उदाहरणानं पटलं असं मला वाटतं. पदार्थ तोच, रूप वेगळं, आणि त्या रूपावर माणसं जगणार का मरणार ते ठरतं.

दुसऱ्या दिवसापासून भट्टी चालू झाली.

काय काय केलं

त्याआधी बैठकीपर्यंत भट्टी बंद राहिली म्हणून वेळ जात होता, तेव्हा उद्यमबागेत एक मेल्ट, म्हणजे काच वितळवायची एक खेप, करून बघितली होती. पितळेची पिट भट्टी, ग्रॅफाइटची मूस, तापमान भरपूर. काच सुंदर वितळली, गडद तपकिरी, अगदी औषधाच्या बाटलीच्या रंगाची, आणि वर थर अजिबात नाही! चौघंही खूश. सल्फेट काचेतच राहिलं, प्रश्न सुटला असं वाटलं, मुलीनं फोटो पण पाठवले ग्रुपवर.

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. कारण निकाल हवा तसा आलेला, वेळ कमी, आणि थांबून शंका घ्यायचं कुणाला काही कारण नव्हतं. थांबवलं ते चिकोडीच्या मुलीनं. तिनं वजनाचा हिशोब मांडलेला: कार्बोनेटमधून इतका कार्बन डायऑक्साइड जाणार, नायट्रेटमधून इतका वायू, बोरिकमधून इतकं पाणी. प्रत्यक्षात वजन त्याच्यापेक्षा जास्त घटलं होतं. काहीतरी अजून उडून गेलं होतं. शिवाय भट्टीवरचा मिस्त्री म्हणालेला, "करूया की, खरं गंधकाचा वास येतोय जरा." ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं पण लिहून तिनं एकटीनंच ठेवलेलं.

मग लॅबच्या धूर ओढणाऱ्या हुडखाली काचेची चिमूटभर पूड घेऊन त्यावर सौम्य अ‍ॅसिडचे थेंब टाकले, सडक्या अंड्याचा वास आला. म्हणजे सल्फेट काचेत राहिलंच नव्हतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, त्यानं सल्फेटचा ऑक्सिजन ओढून घेतला, बराचसा गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन वर गेला आणि उरलेला सल्फाइड होऊन काचेत बसला. तपकिरी रंग पण त्याचाच, बाटल्यांची तपकिरी काच मुद्दाम अशीच करतात, कार्बन, सल्फेट आणि किंचित लोह. खऱ्या प्लांटमध्ये हा गंधक गेला असता तर तो धुरातून पकडावा लागला असता, आणि त्या धुरात सिझियमही असतं, कारण हजार अंशाच्या वर सिझियमची बोरेट संयुगं उडू लागतात. झाकणावर पांढरा थर आलाच होता. कार्बन घालून सल्फेट घालवायचा मार्ग मुळात अशक्य नाही, पण मग तो मार्ग म्हणून मांडायला हवा, धुराच्या हिशोबासकट. काचेनं सल्फेट धरलं असं म्हणता येत नाही.

त्या मेल्टचा निकाल रिपोर्टमध्ये ठेवायचा का काढायचा यावर चर्चा झाली. ठेवला. वेगळं प्रकरण करून ठेवला, माझ्या मते रिपोर्टमधली ती सगळ्यात चांगली चार पानं आहेत.

खानापूरला मग अ‍ॅल्युमिनाची मूस, इलेक्ट्रिक भट्टी, हवा खेळती. थर आला, पिवळसर पांढरा, काचेवर साय धरल्यागत नाही तर स्पष्ट वेगळा, नखानं खरवडता येईल असा. तो कोमट पाण्यात टाकला तर विरघळून गेला, त्या पाण्यात बेरियम क्लोराईडचा थेंब टाकल्याबरोबर पांढरा गाळ. सल्फेटची ही शाळेतली टेस्ट.

आणि इथं मुलाचे आजोबा आले. ते तो खरवडलेला तुकडा हातमोज्यातच उलटा-पालटा करून बघत म्हणाले, "पोरी, मातीत खार असला की भाजल्यावर वस्तूवर असंच येतंय. लोणा. आम्ही त्याला बेरियम घालताव." टेराकोटावर पांढरा लोणा येऊ नये म्हणून मातीत थोडं बेरियम कार्बोनेट मिसळायची पद्धत आहे खरीच. मातीतलं विरघळणारं सल्फेट बेरियमशी जुळून न विरघळणारं बेरियम सल्फेट होतं आणि पाण्याबरोबर वर येत नाही. समोर बेरियम क्लोराईडनं पाडलेला पांढरा गाळ तसाच बीकरमध्ये होता. मुलीनं एकदा गाळाकडं, एकदा आजोबांकडं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, सोडा कमी करून बेरियम घालूया का काचेत?"

मॅडम हसल्या फक्त. कारण ट्रॉम्बेनं नेमकं तेच केलंय. सल्फेटवाल्या कचऱ्यासाठी त्यांनी बेरियम बोरोसिलिकेट काच काढली, तिच्यात सल्फेट साध्या सोडियम काचेपेक्षा जास्त मावतं. कारण अगदी आजोबांच्या मातीतलं नाही, इथं मुख्य गोष्ट वितळलेल्या काचेत जास्त सल्फेट विरघळण्याची आहे, आणि मर्यादा ओलांडलीच तर जे स्फटिक पडतात त्यात न विरघळणारं बेरियम सल्फेट असतं, पाण्यात पळून जाणारा सोडियमचा थर नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलांनी त्या रिपोर्टमध्ये वेगळ्या लिहिल्या, याचं मला समाधान आहे.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे, उंदीर मारायला वापरायचे, आणि दिसायला पिठासारखं. पोटात गेलं की आम्लात विरघळतं. आजोबांच्या घरी ते पत्र्याच्या डब्यात फडताळात होतं. पहिलं काम म्हणजे त्याला कुलूपबंद पेटी आणि दोन भाषांत लेबल. उरलेल्या द्रावणांत सोडियम सल्फेट टाकून बेरियम खाली बसवलं आणि तो गाळ बाटलीत भरून कॉलेजच्या केमिकल कचऱ्यात दिला, गटारीत एक थेंब नाही.

सिरॅमिकचं काय झालं? निपाणीच्या मुलानं हट्टानं पेरोव्स्काइटच्या गोळ्या केल्या. बेळगावात हायड्रॉलिक प्रेसला तोटा नाही, थंड दाबून गोळ्या छान झाल्या, भट्टीत भाजल्या. पण भाजून झाल्यावर कौलांची करतात तशी पाणी शोषायची चाचणी घेतली तर गोळ्या पाणी पीत होत्या. गरम असताना दाब नाही, म्हणजे छिद्रं राहणारच, आणि छिद्र म्हणजे पाण्याला आतपर्यंत वाट. त्याला सोडून देणं जड गेलं. तरी त्यानं स्वतःहून तो भाग बंद केला आणि काच सावकाश थंड करायचं काम अंगावर घेतलं, पाचशे अंशाच्या आसपास धरून रात्रभर उतरवायची, नाहीतर तडे जातात आणि पाण्याला लागणारा पृष्ठभाग वाढतो. ते काम त्यानं मन लावून केलं.

निकाल

पाण्याची चाचणी नेहमीच्या पद्धतीनं: काच कुटून चाळून ७५ ते १५० मायक्रॉनचे कण, एका ग्रॅमला १० मिली शुद्ध पाणी, घट्ट झाकणाच्या भांड्यात ९० अंशाला ७ दिवस. ओव्हन सात दिवस बंद पडता कामा नये, आपल्याकडं लाईटचा भरवसा किती ते सगळ्यांना माहितीये, म्हणून जनरेटर असलेल्या डिपार्टमेंटची परवानगी काढली.

सोडियम मोजायला फ्लेम फोटोमीटर, तो माती परीक्षणवाल्यांकडं असतोच, आमच्या ऊसपट्ट्यात त्याला रोज काम. दोन काचा शेजारी ठेवल्या. तेवढंच सल्फेट घातलेल्या सोडियम काचेवर थर आला, बेरियम काचेवर आला नाही. पाण्यात उतरलेलं सोडियम बेरियम काचेत स्पष्टपणे कमी, पण त्यात तिच्यात मुळातच सोडियम कमी होतं, म्हणून घातलेल्या सोडियमशी भागून तुलना केली, तरीही कमीच. सल्फेट अजून वाढवत नेल्यावर बेरियम काचेतही पांढरे ठिपके दिसू लागले, ते गरम पाण्यात उकळूनही गेले नाहीत.

सिझियम मात्र इथं मोजता आलं नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं, नमुने बाहेर पाठवले. तो रिपोर्ट सबमिशन झाल्यावर आला. थर आलेल्या काचेच्या पाण्यात सिझियम भरपूर, बेरियम काचेच्या पाण्यात थोडं. चाचणीला जी भीती धरून सुरुवात केली ती खरी निघाली, सिझियम खरंच त्या थरात बसलेलं होतं. वायव्हामध्ये बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे ट्रॉम्बेनं आधीच केलंय, मग तुमचं काय? चिकोडीची मुलगी म्हणाली, आम्ही तपकिरी काचेला हो म्हणालो असतो तर आमचा निकाल ट्रॉम्बेपेक्षा चांगला दिसला असता, सर. पुढचा अर्धा तास ते फक्त वजनाच्या हिशोबावर बोलत होते.

वेगळं काय करता आलं असतं

गावची बैठक भट्टीत पहिला डबा जायच्या आधी व्हायला हवी होती. बैठक चांगली झाली म्हणून उशीर बरोबर ठरत नाही. अफवेच्या दोन दिवसांत मुलाच्या घरच्यांना जे ऐकून घ्यावं लागलं त्याची भरपाई फलकानं होत नाही.

वजनाचा हिशोब आणि भट्टीजवळच्या माणसांचं बोलणं, वास, धूर, रंग, हे सगळं पहिल्या मेल्टपासून सगळ्यांनी एकाच वहीत लिहायला पाहिजे. इथं एकीनं लिहिलं म्हणून निभावलं.

बेरियमचं आधी सांगावं का नाही यावर माझं आणि मॅडमचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, सांगितलं असतं तर मुलांनी ग्रॅफाइटच्या मेल्टकडं बघितलंच नसतं, सरळ उत्तराकडं गेली असती. माझं म्हणणं, आजोबा त्या दिवशी शेतावर गेले असते तर? वेळापत्रकात एक तारीख ठरवावी, तोपर्यंत मुलांना सुचलं तर उत्तम, नाहीतर वाचायला पेपर हातात द्यावा. पुढच्या बॅचला आम्ही तसं ठरवलंय.

सिझियम मोजायची सोय पहिल्याच महिन्यात लावायची, बाहेरच्या लॅबची रांग मोठी असते. सिरॅमिक हा वेगळाच प्रोजेक्ट करायचा, जिथं गरम दाबाची सोय आहे अशा ठिकाणी मुलाला पाठवून, काचेच्या शेजारी उरल्यासुरल्या वेळात नाही.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी परीक्षकांनीही विचारली नाही. अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत काच वितळवली की मुशीची थोडी अ‍ॅल्युमिना काचेत उतरते, आणि अ‍ॅल्युमिना वाढली की काच पाण्यापुढं जास्त टिकते. दोन्ही काचा सारख्याच मुशीत, तेवढाच वेळ ठेवल्या होत्या म्हणून एकमेकींशी तुलना ठीक आहे. पण आमचे आकडे उचलून दुसऱ्या कुणाच्या काचेशी लावू नका. यंदाची मुलं वितळवून झाल्यावर काचेतली अ‍ॅल्युमिना मोजून घेणार आहेत, त्यासाठी नमुने आताच वेगळे काढून ठेवलेत.